मांजरासाठी लिब्रे सेन्सर घ्यावा का?

अ‍ॅबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे मुळात माणसांसाठी. दंडावर चिकटवायचा, चौदा दिवस ठेवायचा, फोन जवळ नेला की शुगरचा आकडा दिसतो. हाच सेन्सर आता व्हेट मांजरांच्या अंगावर लावतात. मधुमेही बोक्याला इन्सुलिन सुरू झालं की आठवड्याभरात घरात प्रश्न येतोच: चार-पाच हजार रुपये घालून हा घ्यावा का? आमचं मत, घ्यावा. पण सगळ्यांनी नाही, पहिल्याच दिवशी नाही, आणि घरात साधा ग्लुकोमीटर नसताना तर मुळीच नाही. हे परीक्षण पहिल्या पिढीच्या लिब्रेचं आहे, म्हणजे आपणहून धोक्याची सूचना न देणाऱ्या सेन्सरचं. पुढचे शुगरचे सगळे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.

मांजराची शुगर दवाखान्यात नीट मोजली जात नाही, आणि त्यात व्हेटचा दोष नसतो. पिंजरा, रिक्षाचा प्रवास, शेजारी भुंकणारा कुत्रा, अनोळखी हात. घाबरलेल्या मांजराच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्या मांजराचा आकडाही अशा वेळी तीनशेपर्यंत जाऊ शकतो. म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत. भरपूर पाणी पिणं, भरपूर लघवी, खाऊनही वजन उतरणं ही लक्षणं, लघवीत साखर, आणि मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

इन्सुलिन सुरू झाल्यावरही अडचण तीच. डोस ठरवायला दर दोन तासांनी रक्त घेऊन बारा तासांचा आलेख काढायचा, ही जुनी पद्धत. दवाखान्यात ठेवलेलं मांजर धड जेवत नाही, भेदरलेलं असतं, आणि आलेख दिवसभर वरच राहतो. त्यावरून डोस वाढवला की घरी आल्यावर, भीती गेल्यावर, तोच डोस जास्त ठरतो. लिब्रेची खरी किंमत इथे आहे. मांजर आपल्या खिडकीत झोपलेलं असतं, आपल्या ताटलीतून खात असतं, आणि मोजमाप चालू असतं.

सेन्सर दिसायला जाड रुपयासारखा: व्यास ३५ मिलिमीटर, जाडी ५. खाली साधारण ५ मिलिमीटरचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६. बारा तासांच्या आलेखात सात टोचण्या असतात. आकड्यांच्या संख्येपेक्षाही मोठा फायदा म्हणजे सलग अनेक दिवस दिसतात. त्याच मांजराला, तोच डोस आणि तेच खाणं असताना, एका दिवशी तळ ९० ला लागतो आणि दुसऱ्या दिवशी १९० ला. मांजरांत असा फरक नेहमीचा आहे. एकाच दिवसाचा आलेख काढला तर यातला कुठला दिवस हाती लागेल हे निव्वळ नशीब.

लावताना

पहिला सेन्सर व्हेटकडूनच लावून घ्या. बहुतेक बिघाड लावतानाच होतात. जागा दोन-तीन ठिकाणी चालते: खांद्यांच्या मध्ये मानेच्या मागे, छातीच्या बाजूला, किंवा कुशीवर. मानेमागे मांजराचा पाय सहज पोचत नाही, पण तिथली कातडी ढिली असल्याने तंतू हलतो. छातीच्या बाजूला तो स्थिर राहतो, पण मांजर त्याच कुशीवर झोपलं तर आकडा बिघडतो. बऱ्यापैकी अंगाच्या मांजराला छातीची बाजू आणि चाटण्याची फार सवय असलेल्याला मान, असं आम्ही सुचवू. अगदी हडकुळ्या मांजराला कातडीखाली पुरेशी चरबी नसते, तिथे सेन्सर कमी भरवशाचा.

केस मशीनने अगदी कातडीपर्यंत काढायचे, पाच-सहा सेंटिमीटरचा चौकोन. कात्रीने कापून भागत नाही; खुंट राहिले की चिकटपट्टी त्यांनाच चिकटते, कातडीला नाही. मग स्पिरिटने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या कातडीवर घाईने लावलेला सेन्सर दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडतो. कडेच्या पट्टीवर टाके चिकटवायच्या गोंदाचे चार-पाच बारीक थेंब टाकतात. मधल्या तंतूच्या भोकाजवळ एकही थेंब जाता कामा नये, नाहीतर सेन्सर सुरूच होत नाही. अ‍ॅप्लिकेटर सरळ धरून एकदाच ठाम दाबायचा आणि नंतर अर्धा-एक मिनिट हाताने दाबून ठेवायचं. खटका ऐकून मांजर दचकतं, तेव्हा दुसऱ्याने त्याला धरलेलं बरं. सुरू केल्यावर पहिला आकडा तासाभराने येतो.

इथे एक बारीकशी गोष्ट पुष्कळांना नडते. सेन्सर फोनने सुरू केला तर तो कंपनीच्या वेगळ्या रीडरवर नंतर घेता येत नाही. दोन्ही वापरायचे असतील तर आधी रीडरने सुरू करा आणि त्या पहिल्या तासातच फोननेही स्कॅन करा. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ नेऊन स्कॅन करायची सोय हवी, हे विकत घेण्याआधीच तपासा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चिकटपट्टी लवकर सुटते. वरून लहान बाळाचं झबलं किंवा मोज्याची बाही घालता येते. मांजर कपड्याने कासावीस होत असेल तर हट्ट नको, कारण ती कासाविशी आकड्यात उतरते. चौदा दिवस हा माणसाच्या दंडाचा हिशेब आहे. मांजरावर तो आठ-दहा दिवसांत निघाला तरी पैसे फुकट गेले असं मानू नका. पहिल्या आठवड्यातच डोस ठरवायला पुरेशी माहिती मिळालेली असते.

कुठे फसवतो

पहिले चोवीस तास आकड्यांवर निर्णय घेऊ नका. तंतू टोचल्याने तिथे थोडी सूज असते आणि वाचन भरकटतं. नंतरही सेन्सर रक्ताच्या थोडा मागे चालतो. शुगर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही, झपाट्याने उतरताना जाणवतो: सेन्सर ११० दाखवत असतो तेव्हा रक्तात ८० असू शकतं. मांजराच्या अंगात पाणी कमी असेल, उलट्या चालू असतील, तरी आकडा बिघडतो.

दुसरा घोळ उलट्या दिशेचा. मांजर सेन्सरवर दाबून झोपलं की त्या जागेचा रक्तप्रवाह कमी होतो आणि आलेख अचानक ५०-५५ वर कोसळतो. उठून कूस बदलली की पुन्हा वर. पहाटे असा खड्डा पाहून घाबरलेले लोक झोपलेल्या मांजराच्या तोंडात मध घालतात आणि पुढचा सगळा दिवस शुगर चढलेली राहते. म्हणून नियम एकच: सेन्सरचा आकडा ७० च्या खाली गेला आणि मांजर ठीक दिसत असेल, तर आधी कान टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर तपासा. मांजर डगमगत असेल, टक लावून बघत असेल, हाकेला दाद देत नसेल, तर मात्र तपासणीत वेळ घालवू नका. खाऊ शकत असेल तर लगेच खायला द्या. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. मांजर सावरलं तरी दवाखाना गाठा, कारण इन्सुलिनचा असर तासन्‌तास टिकतो आणि शुगर पुन्हा उतरते.

या पिढीच्या लिब्रेची सगळ्यात मोठी उणीव हीच की तो गप्प राहतो. रात्री तीनला शुगर ४५ झाली तर सकाळी स्कॅन केल्यावरच कळतं. नव्या पिढीत ब्लूटूथवरून सूचना येते. मिळत असेल तर थोडे जास्त पैसे त्यासाठी द्यावेत. पहिल्या पिढीच्या सेन्सरच्या पोटात फक्त शेवटच्या आठ तासांच्या नोंदी राहतात. रात्री अकराला स्कॅन करून सकाळी नऊला उठलात तर मधले दोन तास कायमचे गेले. ४० च्या खाली तो फक्त ‘लो’ म्हणतो आणि ५०० च्या वर ‘हाय’. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या आधी काढावा लागतो, तेव्हा तशी तपासणी ठरलेली असेल तर आधी ती उरका.

घरी कुणी दिवसभर नसेल तर व्हेटकडे मिळणारा लिब्रे प्रो हा प्रकार विचारा. तो चौदाही दिवसांच्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो आणि त्या डॉक्टरांच्या रीडरवर उतरवून घेता येतात. घरी मात्र काहीच दिसत नाही, त्यामुळे ज्या मांजराची शुगर आधी कधी फार खाली गेली आहे त्याला तो नको.

आधी घ्यायच्या दोन वस्तू

ग्लुकोमीटर. माणसांचा कुठलाही चांगला चालतो, फक्त तो मांजराच्या रक्तात आकडा थोडा कमी दाखवतो हे लक्षात ठेवा. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा बराच भाग, सुमारे ४२ टक्के, तांबड्या पेशींत असतो. मांजरात जेमतेम ७ टक्के, बाकी सगळी प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात. माणसांचं यंत्र माणसाच्या प्रमाणावर बेतलेलं. प्राण्यांसाठीचं अल्फाट्रॅक हा फरक धरून मोजतं, पण पट्ट्या महाग आणि इथे मिळवताना ताटकळावं लागतं. आमच्या मते माणसांचं यंत्र पुरे, कारण त्याची चूक सुरक्षित बाजूची आहे: शुगर उतरल्याचं ते थोडं आधी सांगतं. यंत्र मात्र बदलत राहू नका. आज एक आणि उद्या शेजाऱ्याचं, असं केलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

कान टोचताना कडेच्या शिरेच्या आणि कानाच्या काठाच्या मधली जागा धरायची, मागे कापसाचा बोळा. त्याआधी तांदूळ भरलेला मोजा कोमट करून मिनिटभर कानाला लावला तर थेंब सहज येतो; थंड कानातून कितीही टोचलं तरी येत नाही. टोचून झालं की खाऊचा एक तुकडा, दर वेळी, न चुकता. आठवड्याभरात मांजर स्वतः येऊन बसतं.

दुसरी वस्तू सिरिंज. यावर दोन ओळी जास्त लिहायला हव्यात, कारण मांजराचा जीव जायचा असला तर बहुधा इथेच जातो. आपल्याकडे माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यामुळे मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सिरिंज’ म्हटलं की लाल टोपणाची, ४० ची सिरिंज हातात येते. मांजरांना बहुतेक वेळा ग्लार्जिन लिहून देतात, लँटस या नावाने मिळतं ते. ते एका मिलिलिटरला १०० युनिटचं आहे आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन १ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. चार किलोच्या मांजराला सुरुवातीला जेमतेम एक-दोन युनिट देतात, तिथे अडीचपट म्हणजे काय होईल हे सांगायला नको. उलट कॅनइन्सुलिन हे प्राण्यांसाठीचं इन्सुलिन ४० युनिटचं असतं. ते नारिंगी सिरिंजने दिलं तर निम्म्याहूनही कमी जातं आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असं वाटत राहतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. दर नव्या पाकिटाला तपासा. मेडिकलवाल्याचं ‘दोन्ही एकच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

सिरिंज ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर उत्तम. मोठ्या सिरिंजवर एक आणि दीड युनिट डोळ्याने वेगळं ओळखताच येत नाही. ग्लार्जिन पाणी घालून पातळ करायचं नाही. ते कातडीखाली गेल्यावर हळूहळू सुटतं ते त्याच्या आम्लतेमुळे, आणि पाणी घातलं की ते गणित मोडतं. बाटली फ्रीजच्या मधल्या खणात, दारात किंवा बर्फाच्या खणाशेजारी नाही. एकदा गोठलेलं किंवा गढूळ झालेलं ग्लार्जिन टाकून द्या.

आलेख वाचताना

लिब्रेचं अ‍ॅप माणसाच्या हिशेबाने बोलतं. ७० ते १८० चा हिरवा पट्टा आणि ‘टार्गेटमध्ये किती टक्के वेळ’ हा आकडा मांजराला लावू नका. अ‍ॅप एचबीए१सीचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या खुणेचा, अंदाज देतं, तोही माणसाच्या रक्ताचा, सरळ सोडून द्या. मांजरात बघायचा तो तळ: दोन इंजेक्शनांच्या मधल्या बारा तासांत शुगर सगळ्यात खाली कुठे जाते आणि किती वाजता. तळ ८० ते १५० च्या दरम्यान, बाकीचा बराच वेळ तीनशेच्या आत, पाणी पिणं कमी झालेलं आणि वजन सावरलेलं, म्हणजे डोस बरोबर आहे. इंजेक्शनच्या आधी २९० दिसलं म्हणून तो वाढवायचा नसतो. तळच ८० च्या खाली जात असेल तर सकाळचा आकडा कितीही मोठा असो, डोस कमी करायचा विषय आहे.

सेन्सरमुळे होणारं नुकसानही इथेच होतं. हातात दर पंधरा मिनिटांचा आकडा आला की हात शिवशिवतो. दुपारी ३८० दिसलं म्हणून मधेच एक युनिट द्यायचं नाही. आधीचं इन्सुलिन अजून काम करत असतं आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. नेमाच्या बदलाला पाच-सात दिवस द्यायचे, बदल अर्ध्या युनिटचा, आणि तो व्हेटशी बोलून. शुगर खूप खाली गेली तर मात्र कमी करायला थांबायचं नाही. पुढच्या इंजेक्शनच्या आधीच फोन करा. मांजर जेवलं नाही तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका, तेव्हाही आधी फोन. न जेवणं, उलट्या आणि मरगळ एकत्र दिसली की सेन्सरवर काहीही असो, कीटोनची, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की रक्तात साचणाऱ्या घातक आम्लांची, तपासणी त्याच दिवशी हवी.

डोस वाढत वाढत दर किलोला दीड-दोन युनिटपर्यंत गेला तरी आलेख सपाट वरच असेल, तर आधी बाटली आणि टोचण्याची पद्धत तपासा, कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं आहे का ते आठवा, दात आणि लघवीचा संसर्ग बघा. यातलं काही नसेल तर आयजीएफ-१ ची रक्ततपासणी विचारा. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी साधारण चौथ्या हिश्शात पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन जास्त सुटत असल्याचा संशय घेण्याइतका तो आकडा चढलेला निघाला होता.

सेन्सर लावायचा सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे खाणं बदलण्याचा आठवडा. कोरड्या दाण्यांवरून कमी पिष्टाच्या ओल्या खाण्यावर आणलं की काही मांजरांची शुगर दोन-चार दिवसांतच घसरते आणि जुना डोस धोक्याचा ठरतो. पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली नसतात, ती काढावी लागतात. शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, पाणी, तंतू आणि राख वजा करा. समजा प्रथिनं ३२, स्निग्ध १२, पाणी १०, तंतू ४, राख ८, उरले ३४. आता प्रथिनं आणि कर्बोदकं साडेतीनने, स्निग्ध साडेआठने गुणा: ११२, ११९ आणि १०२, एकूण ३३३ कॅलरी. त्यातल्या ११९ कर्बोदकांच्या, म्हणजे ३६ टक्के. मधुमेही मांजराला हे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या आत हवं. दूधभात तर बंदच. लवकर आणि नीट आटोक्यात आलेल्या काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, आणि ती वेळ जवळ आल्याचं सेन्सरवर आधी दिसतं: तळ रोज थोडा खाली सरकत जातो.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक सावधगिरी. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साकॅट आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सेनवेल्गो या तोंडाने द्यायच्या औषधांना मान्यता मिळाली. या औषधांवर शुगर जवळपास नेहमीसारखी दिसत असतानाही कीटोन वाढून जिवावर बेतू शकतं. तिथे लिब्रेचा शांत आलेख बघून निर्धास्त राहू नका. कीटोनच्या पट्ट्या हव्यातच. आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ही औषधं देत नाहीत.

मग घ्यावा कुणी? इन्सुलिन सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झालेत आणि डोस ठरत नाही, त्यांनी. खाणं बदलणाऱ्यांनी. ज्यांचं मांजर दवाखान्यात गेलं की आलेखाला अर्थच उरत नाही, त्यांनी नक्की. ज्याचं वजन, पाणी आणि कान-टोचणीचे आकडे महिनोन्‌महिने ठीक आहेत, त्याला गरज नाही. वीस-पंचवीस रुपयांच्या पट्टीवर महिन्यातून एकदा घरीच आलेख काढा. एका सेन्सरच्या पैशात दोनशेच्या आसपास पट्ट्या येतात.

अहवाल व्हेटला पाठवताना पहिलं सरासरीचं पान पाठवू नका, रोजच्या नोंदींची पानं पाठवा, आणि त्यावर इंजेक्शनची व खाण्याची वेळ पेनाने लिहा. काढायच्या दिवशी सेन्सर ओढू नका. कडेने खोबरेल तेल मुरवून पंधरा मिनिटं थांबा, मग एका कडेपासून हळूहळू सोडवा. गोंद लावलेली जागा हट्ट करत असेल तर आणखी एक दिवस तेल लावा. नेलपॉलिश काढायचं रसायन वापरायचं नाही. खाली गुलाबी वर्तुळ दिसलं तर दोन-तीन दिवसांत जातं. ओलं किंवा पिवळट दिसलं तर फोटो व्हेटला पाठवा आणि पुढचा सेन्सर दुसऱ्या कुशीला लावा.